साफ्टामावशीचं पहिलं ताट

खर्र. खर्र. दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज. बाहेर बर्फ, चुलीत विझत आलेलं लाकूड, आणि मागून हे खर्र खर्र. वळून पाहिलं तर इलिंका चमच्यानं ताटली खरवडत होती. मामालिगा केव्हाच संपली होती. मक्याच्या पिठाचा तो एवढासा गोळा, संपायला कितीसा वेळ लागणार? ती खरवडत होती ते ताटलीवर छापलेलं अंडं.

"अगं, चित्र आहे ते."

"माहितेय," ती म्हणाली. "निघतं का बघत होते."

पाच वर्षांची आहे. सगळं आधी करून बघते, मग विचारते.

ताटली प्लास्टिकची आहे, चार कप्प्यांची. हिरव्या कप्प्यात वाटाणे, तांबड्यात अंडं आणि मासा, पिवळ्यात पाव, जांभळ्यात सफरचंद. ती मला बक्षीस म्हणून मिळाली. गावातल्या सतरा आयांत माझा पहिला नंबर आला, आणि त्या नंबरापायीच माझी पोर जेवणाच्या यादीतून गळली.

वेलिकूबाई दर बुधवारी बिर्लाद शहरातून स्वतः गाडी चालवत यायच्या. गावच्या सभागृहात शेगडी पेटवून आम्ही कोट न काढता बसायचो. ज्यांच्या घरात थोडं आहे त्यांनी थोड्यात मुलांना नीट कसं खाऊ घालावं, हे शिकवायला त्यांना एका संस्थेनं पाठवलं होतं. बाई वाईट नव्हत्या. आल्या की प्रत्येकीला नावानं हाक मारायच्या, आणि नावं चुकायची नाहीत. फळ्यावर मोठ्ठं ताट काढायच्या आणि म्हणायच्या, "अर्धं ताट भाजीचं."

"बटाटा धरून ना, बाई?" मार्घिओलानं विचारलं. तिचं घर आमच्या समोरच्या ओळीत आहे, आणि तिला प्रश्न नाही पडला असा दिवस जात नाही.

"नाही. बटाटा भाजीत धरायचा नाही."

"अरे देवा! मग आमच्या आया इतकी वर्षं काय शिजवत होत्या?"

सगळ्या हसल्या, बाईसुद्धा हसल्या. खारवलेली कोबी भाजीत धरतात हे कळल्यावर टाळ्या पडल्या. असे ते बुधवार गेले. मला आवडायचे. घरात दिवसभर पाच वर्षांच्या मुलीशीच बोलणाऱ्या बाईला आवडणारच. नेकुलाय, माझा नवरा, गेल्या एप्रिलात जर्मनीला शतावरी काढायला गेला. जूनपर्यंत फोन यायचे. आता तो नंबर लावला की एक बाई जर्मनमध्ये काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो.

खरी गोष्ट होती जेवणाची. मार्चपासून जूनपर्यंत बालवाडीत रोज दुपारी गरम जेवण मिळणार होतं. सूप, मांस नाहीतर मासा, फळ. जागा बारा, मुलं सतरा. निवड वहीवरून. बाईंनी प्रत्येकीला एक वही दिली. पानापानावर गोल ताट छापलेलं. चार आठवडे मुलाच्या तोंडात जे जाईल ते त्यात लिहायचं.

"सगळं लिहा," बाई म्हणाल्या. "चाखलेलंसुद्धा. ही परीक्षा नाही, घाबरायचं कारण नाही."

मी सगळं लिहिलं.

त्या जानेवारीत गावात चार म्हातारी माणसं गेली आणि माझ्या पोरीच्या गालांवर रंग आला. हे असं मांडायला जीव धजत नाही, पण झालं ते असंच. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं वाढलेलं कुणी नाकारत नाही. तिसऱ्या दिवशी, नवव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी फाटकाशी ताट येतं, नाहीतर जेवायला बोलावणं येतं. घेणाऱ्यानं "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि खायचं. आपण इकडे खाल्लं की तिकडे त्याला पोचतं. गरिबाच्या पोरानं खाल्लेलं सगळ्यात लवकर पोचतं, असं शेजारची साफ्टामावशी सांगते, म्हणून आमच्या फाटकाशी ताटं जरा जास्तच येतात.

साफ्टामावशीची स्वतःची तयारी तर तीन वर्षांपासून झालेली. पेटीत नव्या मातीच्या ताटल्या, टॉवेल, मेणबत्त्या, पायांत घालायचे काळे बूट. मुलगा इटलीत, नातवंडं तिकडचीच. पहिलं ताट कुणाला द्यायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. "पहिलं माझ्या इलिंकाचं," ती म्हणायची. "माझ्या पोराच्या पोरांना माझी भाषा येत नाही. त्यांनी खाल्लेलं मला कुठून पोचायला?"

तर मी लिहिलं. इतर दिवसांच्या पानांवर चहा-पाव, मामालिगा-कांदा, चहा. ती पानं मी पटकन उलटायची. पण ज्या दिवशी कुणाचा तिसरा किंवा नववा असेल त्या दिवसाचं ताट मी इलिंकाच्या रंगीत पेन्सिली घेऊन रंगवायची. सूप पिवळं, गाजर नारिंगी, मांस तपकिरी. कुठून आलं हे लिहायला वहीत रकाना नव्हता. असता तरी, खरं सांगते, मी तो रिकामा ठेवला असता. चार आठवड्यांत कधीतरी आपल्या पोरीचं ताट भरलेलं दिसलं, ते मला बघत बसावंसं वाटायचं.

चार आठवडे संपले त्या बुधवारी बाईंनी माझी वही उचलली आणि सगळ्यांसमोर वाचायला लागल्या.

"बारा जानेवारी. कोंबडीचं सूप, घरच्या शेवया घातलेलं. कोबीच्या पानात मांस-भात गुंडाळलेले सारमाले, तीन. अक्रोड घातलेले गोड गहू, एक वाटी. गोल पाव."

"ग्रिगोरेआबांचा तिसरा," मागच्या बाकावरून मार्घिओला पुटपुटली.

कुणीतरी फिसकन हसलं.

"अठरा जानेवारी. सूप, डुकराचं मांस, लोणच्याचे टोमॅटो."

"ग्रिगोरेआबांचा नववा."

"एकवीस जानेवारी. सारमाले चार, पाव, सफरचंद."

"ह्या कासांद्राकाकू. मांस कमी आणि भातच भात. सून कंजूष आहे, मी होते ना तिथे."

आता सगळं सभागृह हसत होतं. बाईंना वाटलं, मला हसतायत. त्या रागावल्या. "हसता काय? शिका हिच्याकडून. नवरा जवळ नाही, तरी आठवड्यातून दोनदा पोरीच्या ताटात मांस आहे."

"बाई, ते तिच्या घरचं नाही," मार्घिओला म्हणाली. "मेलेल्यांचं आहे."

मग आम्हाला सगळा रिवाज बाईंना समजावून सांगावा लागला. त्यांनी चष्मा काढून ऐकून घेतला. "पण तुमची मुलंही गेली असतील ना तिथे? मग तुमच्या वह्यांत का नाही?"

"मुलं गेली होती. पण ते मुलांनी थोडंच खाल्लं? ग्रिगोरेआबांनी खाल्लं."

"पोटात कुणाच्या गेलं?"

"पोटात मुलांच्याच. पण पोचलं आबांना."

ह्यात मार्घिओलाची काही चलाखी नव्हती. मलाही लहानपणापासून हेच शिकवलंय. आजूबाजूच्या सगळ्या बायका मान डोलावत होत्या. मी एकटीच खाली बघत होते, कारण मी एकटीनंच मेलेल्यांचं खाणं पोरीच्या नावावर लावलं होतं.

"तू बरोबर केलंस, पेट्रोनेला," बाई म्हणाल्या आणि ताटली माझ्या हातात दिली.

पुढच्या बुधवारी सभागृहाच्या दारावर यादी लागली. बारा नावं. इलिंकाचं नव्हतं. मार्घिओलाच्या मुलीचं होतं.

बाई गाडीत बसल्या होत्या, इंजिन चालू होतं. मी काच ठोठावली.

"पेट्रोनेला, उलट तुझी वही सगळ्यांत चांगली. तिची प्रत आम्ही वर पाठवतोय, नमुना म्हणून."

"पण बाई, ते रोजचं नाही. माणसं मेली म्हणून—"

"मला कळलंय ते. पण इतरांच्या वह्यांत पोटभर खाल्ल्याचा पुरावा नाही आणि तुझ्या वहीत आहे. मी काय करू?" मग त्यांना दया आली. ती आली नसती तर बरं झालं असतं. "ऐक. एक कुटुंब मार्चच्या सुरुवातीला स्पेनला चाललंय. एक जागा रिकामी होईल. तू नवी वही लिही, पाच फेब्रुवारी ते चार मार्च. फ्लोआरेआलाही दिलीय, तिच्या दामियानसाठी. दोन वह्यांत जी जास्त रिकामी, तिला जागा."

फ्लोआरेआ म्हणजे मार्घिओलाची धाकटी बहीण. आमच्या घरासमोरच राहते.

"आणि कुणाच्या नावचं जेवण असलं तर?"

"आता मला रिवाज माहीत आहे. पोटात गेलं की वहीत आलं पाहिजे. दोघींनाही हेच सांगितलंय. लपवलंत तर गाव मला सांगेलच, हो ना?"

गाव सांगेल यात शंका नव्हती. मी फ्लोआरेआवर नजर ठेवणार होते आणि ती माझ्यावर.

तर तो ताटली खरवडायचा आवाज दुसऱ्या वहीतल्या दहाव्या दिवसाचा. पहिल्या आठवड्यात इलिंका रोज विचारायची, आज कुणाचा नववा आहे का? मग तिनं विचारणं सोडलं. मी वहीत लिहायची, चहा, पाव. मामालिगा, कांदा. चहा. या वेळी रंग नाही. रिकामं ताट बघून मला बरं वाटायला लागलं होतं. आणखी एक दिवस नीट गेला, असं. आपली पोर उपाशी झोपली म्हणून आईला बरं वाटतं, अशी वही कुणी शोधून काढली असेल?

तिसऱ्या आठवड्यात पितरांचा शनिवार आला. त्या दिवशी गावात कुणी कुणाला चुकवत नाही. देवळातून आलं की प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांच्या नावानं ताटं वाटतं, वाफाळलेली, वर मेणबत्ती लावलेली. पोरं फाटकाफाटकातून धावतात आणि तोंडानं "देव क्षमा करो, देव क्षमा करो" ओरडत एकदमच सगळं तोंडात कोंबतात. मी पहाटेच फाटकाला साखळी लावली.

इलिंका खिडकीत उभी राहिली. तिच्या श्वासानं काच धुरकट व्हायची, ती पुसायची, परत व्हायची. रस्त्यापलीकडच्या खिडकीतही एक काच तशीच धुरकट होत होती. दामियान. दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि त्यांच्यामधून गावातली सगळी पोरं भरल्या तोंडानं पळत होती.

"काय गं पेट्रोनेला," मार्घिओलानं फाटकाबाहेरून हाक मारली, "मेलेल्यांशी भांडण झालं वाटतं?"

"आम्हाला बरं नाही!"

"समोरच्यांनाही बरं नाही! मोठी साथ आलीय म्हणायची!"

साफ्टामावशी स्वतः आली, काठी टेकत, नवऱ्याच्या नावचं ताट घेऊन. साखळी वाजवली. मी आतच राहिले. ती बराच वेळ उभी होती. मेणबत्ती वाऱ्यानं विझली तेव्हा तिनं कोट आडवा धरून ती परत लावली, आणखी थोडी थांबली आणि ताट घेऊन माघारी गेली.

दुपारी इलिंका परसातल्या संडासातून आली ती गाल फुगवून.

"तोंडात काय आहे?"

तिनं मान हलवली. डोळे मोठे.

"इलिंका, तोंड उघड."

कुंपणापलीकडून कुणीतरी मूठभर गोड गहू दिले असणार. मी तिचा जबडा धरला. माझं बोट आत घातलं. ती चावली नाही. माझं बोट चावता आलं असतं तिला, पण तिनं जीभ बाजूला घेतली, मला सोपं जावं म्हणून. अर्धा अक्रोड आणि ओले गहू माझ्या तळहातावर आले. ती ते बघत राहिली. मी चुलीत टाकले तेव्हा साखर जळाल्याचा वास घरभर पसरला आणि संध्याकाळपर्यंत गेला नाही. मी तिला कुशीत घेतलं, केस विंचरले, ती नेहमी मागते तशा दोन वेण्या घातल्या. ती चुलीतल्या जाळाकडे बघत बसली. नंतर हळूच म्हणाली, "गिळलं नव्हतं मी. लिहू नकोस."

त्या थंडीत साखळी वाजवत उभं राहणं मावशीच्या छातीला भोवलं. सोमवारी ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर येऊन गेला आणि पेटीकडे बघून त्यानं काही औषध लिहिलंच नाही. मी रोज तिची चूल पेटवायला जायची. इलिंका तिचे पाय चोळायची.

"पोर शनिवारी खिडकीत होती," मावशी म्हणाली. "म्हाताऱ्याचं ताट मी परत आणलं. चाळीस वर्षं ह्या माणसाला मी जेवल्याशिवाय झोपू दिलं नाही, आणि ह्या वर्षी उपाशी ठेवला."

"मावशी, चार मार्चपर्यंतच गं. मग चार महिने हिला रोज जेवण मिळेल. सूप, मासा, सगळं."

"आणि मी?"

मी तिच्या चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"माझं पहिलं ताट हिनं परत पाठवलं तर मी तिकडे कुणाच्या दारात उभी राहू?"

"दुसऱ्या कुणा पोराला—"

"दुसऱ्या कुणाच्या पोरानं माझे पाय चोळलेत?" तिला खोकला आला. तो थांबायला वेळ लागला. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं बाजारात बाई बघते, घासाघीस संपल्यावर. "किती तारीख म्हणालीस?"

"चार."

"आज?"

"चोवीस."

"बघते जमतंय का," साफ्टामावशी म्हणाली.

तिनं खरंच खूप प्रयत्न केला. सत्तावीसला रात्री पाद्री येऊन गेला, तरी अठ्ठावीसच्या सकाळी तिनं डोळे उघडून विचारलं, तारीख किती. मी सांगितली. तिनं हातानं "अजून?" असं केलं. दुपारी गेली.

त्राइयान, तिचा मुलगा, इटलीहून रात्रभर गाडी चालवत आला. दोन मार्चला आम्ही तिला पुरलं. वहीची तीन पानं उरली होती.

मी जाणारच नव्हते. पण शेजारणीला पोचवायला न जाणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. अंगणात लांब टेबलं मांडली होती. ईस्टरआधीचा उपास तोंडावर आलेला, मांस बंद झालेलं, दूध-अंडं-मासा तेवढं चालत होतं तो आठवडा. मी इलिंकाचा हात घट्ट धरून फाटकाजवळ उभी होते, चटकन निघता यावं म्हणून. समोर भिंतीला टेकून फ्लोआरेआ उभी होती. तिनंही दामियानचा खांदा धरला होता. आमची नजरानजर झाली, आणि दोघींनीही खाली बघितलं नाही.

पाद्रीनं प्रार्थना संपवली. पहिलं ताट दिलं जाईपर्यंत आमच्याकडे कुणी चमचा उचलत नाही. सगळे थांबले होते. त्राइयाननं पेटीतली नवी मातीची ताटली काढली, टॉवेलावर ठेवली, मेणबत्ती लावली.

"आईनं नाव सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. इतकी वर्षं तिकडे राहून त्याची बोली बदलली होती. "इलिंका कोण?"

कुणी बोट दाखवलं नाही. सगळ्यांनी नुसतं बघितलं, आणि तो आमच्याकडे चालत आला. ताटात चीज भरलेली पोळी होती, तळलेला मासा, अक्रोडाचे गोड गहू, आणि मधोमध एक उकडलेलं अंडं, मावशीच्याच कोंबडीचं.

"देव क्षमा करो म्हण गं," मार्घिओला मागून म्हणाली. तिचा आवाज या वेळी टोचरा नव्हता. "थंड होतंय ते."

माझ्या हातातून इलिंकाचा हात सुटला. तिनं दोन्ही हातांनी ताट धरलं. भिंतीपाशी फ्लोआरेआनं दामियानला आणखी जवळ ओढलं. इलिंकानं एक बोट पुढे केलं आणि अंड्यावरून अगदी हळू फिरवलं, आधी बघून घेतल्यासारखं. टेबलाभोवती चाळीस माणसं चमचे खाली ठेवून तिची वाट बघत होती. मग तिनं मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "हे वहीत जाणार, की मावशीकडे?"